४५४ बिग ब्लॉक खोललंय: ४६० करू की ४८९?

प्रश्न – पिकअप७८
१९७८ च्या शेव्हरोलेट पिकअपमधलं ४५४ क्यूबिक इंचाचं आठ सिलिंडरचं इंजिन पूर्ण खोललं आहे. मार्क फोर (बिग ब्लॉकची जुनी पिढी) ब्लॉक, हेडच्या नंबरचे शेवटचे तीन आकडे ७८१. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख अडकेल एवढी कड पडली आहे, म्हणजे बोअर करणं आलंच. ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज आणि मूळ ४ इंची स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ठेवला तर ४६० क्यूबिक इंच, ४.२५ इंची क्रँक टाकला तर ४८९. वापर रस्त्यावरचा, मधूनमधून ट्रेलर ओढायचा. पेट्रोल पंपावरचं ९१ ऑक्टेन. पॉवर ब्रेक आहेत. काय घ्यावं, आणि पिस्टन कोणते?

थाऊवाला
४८९ करा. बोअरिंग, पिस्टन, रिंगा, बॅलन्सिंग हा खर्च दोन्हीकडे सारखाच आहे. फरक फक्त क्रँक आणि रॉडचा, आणि ट्रेलर ओढताना खालच्या आरपीएमला तो फरक लगेच जाणवतो. ३० थाऊत बोअर साफ होत असेल तर आकडा मोठा दिसावा म्हणून ६० वर मुळीच जाऊ नका. भिंत पातळ झाली की इंजिन तापतं, आणि पुढच्या रिबिल्डला ब्लॉकमध्ये काही उरत नाही. बोअर करण्याआधी सोनिक टेस्ट करून आठही सिलिंडरच्या भिंतींची जाडी मोजून घ्या.

पिस्टन मात्र हेड मोजल्याशिवाय मागवू नका. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ७८१ चा चेंबर (हेडमधली इंधन जळण्याची पोकळी) उघडा, साधारण ११८ सीसीचा. त्यात गॅस्केटचे ९.६, पिस्टन डेकखाली (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठाखाली) १० थाऊ राहिला तर त्याचे २.४, आणि सपाट पिस्टनच्या व्हॉल्व्ह खाचांचे ३ मिळवा: १३३ सीसी. ४८९ चा एक सिलिंडर १००२ सीसीचा, म्हणजे कॉम्प्रेशन (१००२ अधिक १३३, भागिले १३३) साडेआठ. ४६० ला तेच पिस्टन जेमतेम ८.१ देतील. ट्रेलर आणि लोखंडी हेड धरून ९.३ च्या आसपास थांबा. त्यासाठी पिस्टनच्या माथ्यावर १० सीसीचा उंचवटा, म्हणजे डोम लागतो. हेडला पूर्वी कुणी फेसिंग केलं असेल तर चेंबर लहान झालेला असणार, म्हणून ॲक्रिलिकची पट्टी लावून ब्युरेटने प्रत्यक्ष मोजा.

६.३८५ इंची रॉड आणि १.२७० कॉम्प्रेशन हाइटचा (पिनपासून माथ्यापर्यंतची उंची) पिस्टन घेतला तर क्रँकच्या मध्यापासून ९.८०० इंचांवरच्या डेकखाली २० थाऊ उरतात. डेकवरून १० थाऊ काढून ३९ थाऊचं गॅस्केट लावलं की क्वेंच (पिस्टन आणि हेडमधली फट) ४९ थाऊ होतो. हरकत नाही.

क्रँककेस
वरच्या हिशेबाशी सहमत, पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, बॅलन्स. फॅक्टरी ४५४ बाहेरून बॅलन्स केलेलं असतं, म्हणून क्रँकच्या पुढच्या टोकाच्या डॅम्परवर (कंप शोषणारी चकती) आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर जादा वजन असतं. ४.२५ चे क्रँक दोन्ही प्रकारचे मिळतात. आतून बॅलन्स होणाऱ्या क्रँकला जुनी ४५४ ची फ्लेक्सप्लेट लावली तर इंजिन थरथरतं आणि मेन बेअरिंग खातं. डॅम्पर, फ्लेक्सप्लेट, क्रँक एकाच जातीचे हवेत.

दुसरी, जागा. लांब स्ट्रोकमुळे रॉडचे बोल्ट सिलिंडरच्या खालच्या कडेला आणि ऑइल पॅनच्या रेलला घासतात. क्रँक बसवून, एकेक रॉड-पिस्टन लावून हाताने पूर्ण फेरा फिरवा. ६० थाऊ मोकळे हवेत. कॅमशाफ्टशीही रॉडचं अंतर बघा. ग्राइंडिंग शेवटच्या धुलाईच्या आधीच उरकायचं, नाहीतर लोखंडाचा कीस ऑइलच्या वाटांत अडकून राहतो.

मेन बेअरिंगला २.५ ते ३ थाऊ क्लिअरन्स, वरच्या रिंगेला १९-२० थाऊ गॅप. पंप साध्या व्हॉल्यूमचा पुरतो.

पिकअप७८
एका ४२७ ची बंद चेंबरची हेड स्वस्तात मिळताहेत. चेंबर लहान, मग डोमच नको. ती घेऊ का? आणि कॅम?

थाऊवाला
घेतलीत तर पिस्टन त्याच हेडप्रमाणे निवडा. उघड्या चेंबरसाठीचा डोम बंद चेंबरला थेट आपटतो. सपाट पिस्टनवरही चेंबर १०० सीसीचा धरला तर कॉम्प्रेशन ९.७ होतं, आणि लोखंडी हेडवर ट्रेलर ओढताना नॉकिंग (इंधन आपोआप पेटून बसणारे ठोके) सुरू होईल. माझं मत, ७८१ च ठेवा. एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. व्हॉल्व्ह २.०६ आणि १.७२ चे आहेत तेच चालतील.

कॅमचा उघडा काळ ५० थाऊ लिफ्टला २२० अंशांच्या आसपास, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन) ११२. याहून बराच मोठा घेतलात तर आयडलला व्हॅक्यूम घसरतो आणि त्यावर चालणारे पॉवर ब्रेक दगडासारखे होतात. कार्ब्युरेटर ७५० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा).

क्रँककेस
रोलर कॅम (ज्याच्या टॅपेटला खाली चाक असतं) घेणार असाल तर लक्षात असू द्या, मार्क फोरला कॅम धरून ठेवणारी थ्रस्ट प्लेट नाही. फ्लॅट टॅपेटच्या (सपाट तळाने कॅमवर घासणाऱ्या) लोबला किंचित उतार असतो, तोच कॅमला मागे दाबून ठेवतो. रोलरच्या लोबला तो नसतो, म्हणून कॅम पुढे सरकतो. पुढे कॅम बटण आणि न वाकणारं टायमिंग कव्हर लागेल, टॅपेटही जोडपट्टीचे (पट्टीने दोन-दोन जोडलेले).

फ्लॅट टॅपेटच ठेवलात तर आधी ड्रिलने पंप फिरवून प्रत्येक रॉकरपर्यंत ऑइल आलेलं बघा. झिंक असलेलं ब्रेक-इन ऑइल घाला. इंजिन सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर २० मिनिटं, आयडलला अजिबात सोडू नका. आयडलला क्रँकवरून उडणारं ऑइल कमी पडतं आणि लोब तिथेच घासून सपाट होतो.