मदत हवी आहे: परिमिती तीच, मग क्षेत्रफळ वेगळं कसं? (होमस्कूलिंग, पाचवी)

सर्वांना सलाम. आम्ही जालना जिल्ह्यात राहतो, दोन्ही लेकरांना घरीच शिकवतो. मोठीची एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त शाळेच्या) ओबीईची, म्हणजे मुक्त मूलभूत शिक्षणाची, पाचवीच्या पातळीची तयारी चालू आहे. आयताची सूत्रं तिला पाठ आहेत, उदाहरणंही सुटतात. अडलंय ते त्याच्या पुढं.

सकाळच्या प्रार्थनेत आमचं बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचं वाचन चालू आहे. 27 व्या अध्यायात निवासमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) अंगणाची मापं आली, लांबी 100 हात, रुंदी 50 हात. चारही बाजूंचे पडदे तिथं वेगवेगळे दिलेत, त्यामुळं बेरीज तिनंच केली: 300 हात. आतली जागा 5000 चौरस हात. पडदा लावायचा ती परिमिती, पाय ठेवायचा ते क्षेत्रफळ, हे तिला लगेच पटलं. पूर्वेला 15 हात पडदा, 20 हातांचं फाटक, परत 15 हात पडदा. फाटक परिमितीत धरायचं का, हेही तिनंच विचारलं. धरायचंच, कड तिथं तुटत नाही.

मग म्हणाली, एवढाच पडदा चौरस लावला तर? 75 गुणिले 75, आले 5625. तेव्हापासून ती गुणाकार तपासतेय. पडदा तेवढाच, तर जागाही तेवढीच पाहिजे, असं तिचं म्हणणं. 140 बाय 10 केलं तर 1400 च येतात. आकडे मान्य आहेत, पण मनाला पटत नाही.

शिवाय, "मग देवानं चौरस का नाही सांगितला?" पवित्र शास्त्रात त्याचं कारण दिलेलं नाही, म्हणून मीही पदरचं कारण दिलं नाही. अंगण मोठ्यात मोठं करा असं तिथं लिहिलेलं नाही, एवढंच सांगितलं. वचनात नाही ते गणिताच्या जोरावर लेकरांना सांगू नये, असं मला फार वाटतं.

पण जागा कमी का होते, हे हातानं करून कसं दाखवू? ज्यांनी घरी शिकवलंय त्यांनी कृपया सांगा.

उत्तर 1

ताई, चौकटीची वही घ्या. 6 बाय 6 चा चौरस रंगवा. खालची 6 चौकटींची ओळ खोडायला लावा, उरला 6 बाय 5. आता बाजूला एक उभी ओळ जोडायची, पण तिथं उंची 5 च राहिली, म्हणून 5 चौकटीच बसतात. 6 गेल्या, 5 आल्या. कड 24 च राहिली आणि एक चौकट घटली. हे तिनं स्वतः केलं पाहिजे, तुम्ही करून दाखवू नका. नंतर अंगणाकडं या: 75 हात लांबीच्या 25 ओळी काढल्या, 1875 गेले, 50 हातांच्या 25 जोडल्या, 1250 आले. फरक 625. तिला खटकणारा आकडा तोच.

उत्तर 2

वरचं झालं की उलटंही करून घ्या. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. कुंपणाला एक पदरी तार 132 फूट लागते. तोच गुंठा 66 बाय साडेसोळा केला तर तार 165 फूट. जमीन तेवढीच, तार 33 फूट जास्त. आमच्या पोरानं हे ऐकून शेजारच्या कापसाच्या लांबोळक्या पट्ट्याची तार मोजायला धरली. मालकाला विचारून जा, म्हणजे झालं.