तीन प्राणी, एक घर आणि भाडेकरारातील कलमे: ग्रुपवरील चर्चा

क-४०३ (भाडेकरू):
नमस्कार मंडळी. आमचा सध्याचा भाडेकरार संपत आला असून याच सोसायटीतील दुसरा फ्लॅट आम्ही पाहिला आहे. आमच्याकडे एक कुत्री आणि दोन मांजरे आहेत, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. नवे घरमालक इथे राहत नाहीत आणि या ग्रुपवरही नाहीत. त्यांनी पाठवलेल्या मसुद्यानुसार घरात एकच पाळीव प्राणी ठेवता येईल आणि त्याचे वजन १० किलोपेक्षा जास्त नसावे. भिंतीला किंवा चौकटीला भोक पाडता येणार नाही. पूर्वसूचना न देता ते केव्हाही घराची पाहणी करू शकतील. आणि कोणाचीही तक्रार आल्यास परवानगी रद्द होऊन ७ दिवसांत घर रिकामे करावे लागेल. एजंटचे म्हणणे असे की, करारात एका मांजराचा उल्लेख करून सही करून टाका, नंतर कोण मोजायला येतो. मला ते पटत नाही, परंतु घर मनासारखे असल्यामुळे हातचे सोडवतही नाही. अशा अटींवर ज्यांनी घर घेतले किंवा दिले आहे, त्यांनी कृपया मत द्यावे.

अ-१०२:
ताई, एजंटचे काम सही झाली की संपते. घरात तुम्हाला राहायचे आहे. करारात एक प्राणी लिहून घरात तीन ठेवले, तर पुढे नळ गळण्यापासून अनामत रक्कम परत मिळण्यापर्यंत प्रत्येक वादात खोटेपणाचा मुद्दा तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. शिवाय मांजर खिडकीत बसल्यावाचून राहत नाही, त्यामुळे ही गोष्ट लपणारीही नाही.

ब-३०४:
खासगी कराराची चर्चा ग्रुपवर कशाला, असा माझा प्रश्न आहे.

सेक्रेटरी:
साहेब, करारात सोसायटी पक्षकार नाही हे खरे आहे. परंतु तक्रार आली तर ती आमच्याकडेच येणार आणि त्या तक्रारीवर एका कुटुंबाचे घर अवलंबून राहणार असेल, तर विषय आपल्याशी अजिबात संबंधित नाही असे म्हणता येणार नाही. चर्चा चालू ठेवावी, मात्र घरमालकांविषयी व्यक्तिगत शेरे नकोत.

ब-५०१ (घरमालक):
मी स्वतः फ्लॅट भाड्याने देतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. घरमालकाला प्राण्याचे राहणे क्वचितच खुपते. त्याला धास्ती असते ती भाडेकरू गेल्यानंतर घरात काय मागे उरेल याची. दाराच्या चौकटीवरील ओरखडे दिसतात, त्यांचा खर्च ठरवता येतो आणि तो अनामत रकमेतून वळताही करता येतो. वास मात्र घर दाखवायला आलेल्या पुढच्या माणसाला आधी येतो. त्यामुळे तीन प्राण्यांना परवानगी मागताना 'आमची लेकरे फार गुणी आहेत' हे वाक्य कृपया वापरू नका, कारण ते आजवर प्रत्येक भाडेकरूने वापरलेले आहे. त्याऐवजी त्यांचे लसीकरण आणि नसबंदी यांचे दाखले, सध्याच्या घरमालकांचे दोन ओळींचे पत्र आणि ताबा घेण्याच्या दिवशी दोघांच्या समक्ष काढलेली प्रत्येक खोलीची छायाचित्रे एवढे पुढे ठेवा. संख्येची अट ही मुळात भीतीपोटी घातलेली अट आहे. भीतीचे नेमके कारण काढून टाकले, तर आकडा बदलायला माझ्यासारखा माणूस सहसा तयार होतो.

ड-२०४ (पशुवैद्य):
काकांनी वासाचा मुद्दा काढला, तोच मुळाशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मांजराच्या मूत्रातील युरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्याने आणि साबणाने नीट निघत नाहीत. फरशी स्वच्छ दिसते, पण हवा दमट झाली की वास पुन्हा जाणवू लागतो. यासाठी विकर (एन्झाइम) असलेले क्लीनर मिळते, ते डागावर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसेच राहू द्यावे लागते. अमोनिया असलेले क्लीनर वापरू नये, कारण त्याचा वास मांजराला मूत्रासारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच जाते. ब्लीचही वापरू नये, कारण मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. मांजरांच्या संख्येपेक्षा एक लिटर बॉक्स, म्हणजे मांजराच्या शौचासाठीची पेटी, जास्त असावा असा आमच्याकडे सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे तुमच्या घरी तीन, तेही एकाच कोपऱ्यात रांगेने न मांडता वेगवेगळ्या जागी. बोक्याची नसबंदी झालेली असेल, तर भिंतीवर मूत्राचा फवारा मारण्याची सवय बहुतेक वेळा लागतच नाही, आणि लागलेली असली तरी पुष्कळदा सुटते.

घर फर्निचरसह मिळणार असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मांजराची ॲलर्जी केसांमुळे होते असा समज आहे. प्रत्यक्षात ती मुख्यतः लाळेतील आणि त्वचेतील तैलग्रंथींमधील एका प्रथिनामुळे होते. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते, आणि तिचे अतिसूक्ष्म कण गाद्या, पडदे व सोफ्यात जाऊन बसतात. मांजर गेल्यानंतरही ते कित्येक महिने टिकतात. म्हणजे पुढच्या भाडेकरूला शिंका येतील ही मालकांची चिंता काल्पनिक नाही. कापडी सोफा आणि गाद्या त्यांनी आधीच हलवाव्यात, अशी विनंती तुम्हीच करा. त्यात त्यांचेही भले आहे आणि तुमचेही.

१० किलोंच्या अटीत मात्र मला काही अर्थ दिसत नाही. लहान चणीचा, दिवसभर एकटा राहून केकाटणारा कुत्रा शेजाऱ्यांना जितका त्रास देईल, तितका दुपारभर झोपून राहणारा मोठा कुत्रा देणार नाही. तुमच्या कुत्रीचे वजन किती आहे?

क-४०३ (भाडेकरू):
डॉक्टर, ती २२ किलोंची आहे आणि वयाने नऊ वर्षांची आहे. मांजरांच्या बाबतीत माझी खरी काळजी बाल्कनीची आहे. जाळी बसवता येत नसेल, तर बाल्कनीचे दार कायम बंद ठेवावे लागेल.

ड-२०४ (पशुवैद्य):
दार बंद ठेवण्याच्या भरवशावर राहू नका, कारण पाहुणे आणि कामाला येणारी माणसे ते उघडे टाकतात. मांजर उंचावरून पडले तरी चार पायांवर उतरते, त्यामुळे त्याला काही होत नाही, असे पुष्कळांना वाटते. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यकांनी उंच इमारतींवरून पडून उपचारासाठी आलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी १९८७ साली प्रसिद्ध केल्या, त्यांत उपचारानंतर सुमारे ९० टक्के मांजरे वाचली होती; परंतु छातीला मार, फुटलेला जबडा आणि मोडलेले पाय अशी दुखापतींची यादी लांबलचक होती. मालकांची अट भोके न पाडण्याची आहे, जाळी न लावण्याची नाही. दोन भिंतींमध्ये स्प्रिंगच्या ताणावर घट्ट बसणारे दांडे मिळतात, त्यांना जाळी बांधता येते आणि घर सोडताना ती जशीच्या तशी उतरवता येते. दांड्यांच्या टोकांना रबर असते, त्यामुळे रंगही फारसा निघत नाही. जाळी बारीक आणि बळकट घ्या, कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडू शकते.

अ-६०३:
आमच्या आधीच्या घरमालकांनी मांजराची नखे कायमची काढून घ्या, असे सुचवले होते.

ड-२०४ (पशुवैद्य):
त्याला स्पष्ट नकार द्यावा. त्या शस्त्रक्रियेत नख नव्हे, तर बोटाचे शेवटचे हाडच कापून काढले जाते. नियमित नखे कापणे आणि ओरबाडण्यासाठी सुतळी गुंडाळलेला उंच खांब ठेवणे एवढे पुरते.

अ-१०२:
मला सर्वांत धोकादायक वाटते ते तक्रारीचे कलम. संख्या, वजन, जाळी यांवर बोलणी होऊ शकतील. पण 'कोणाचीही तक्रार' आणि '७ दिवस' हे शब्द जसेच्या तसे राहिले, तर बाकी सगळे मिळूनही तुमच्या हाती काहीच राहत नाही. वरच्या मजल्यावरील एखाद्याचे पार्किंगवरून बिनसले आणि त्याने कुत्रीविषयी एक संदेश पाठवला, तरी तुम्ही घराबाहेर! अनामत रक्कम थोडी जास्त मागितली तर द्या, पण हे कलम बदलल्याशिवाय सही करू नका. तक्रार लेखी असावी, तिच्यात तारीख, वेळ आणि त्रासाचे स्वरूप नमूद असावे, ती तुम्हाला दाखवली जावी, सुधारणेसाठी निदान ३० दिवस मिळावेत, आणि त्यानंतरही तोच त्रास चालू राहिला तरच परवानगीचा फेरविचार व्हावा.

क-३०३:
मी क-४०३ च्या खालीच राहतो. मला कुत्र्यांची भीती वाटते, हे मी लपवत नाही. लिफ्टमध्ये त्या कुत्रीसोबत मी जात नाही आणि ताईही मला पाहून थांबतात. पण भुंकण्याचा त्रास मला झालेला नाही. तसे लिहून हवे असेल, तर मी सहीनिशी देईन.

सेक्रेटरी:
काका, हे पत्र फार उपयोगी पडेल. भुंकण्याच्या संदर्भात ताईंना एक सूचना आहे. नव्या घरात गेल्यावर तुम्ही बाहेर पडताना जुना मोबाइल ध्वनिमुद्रणावर लावून ठेवा, कारण एकटेपणामुळे कुत्र्याचे भुंकणे सुरू होते ते बहुधा घरचे लोक गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात, आणि ते घरच्यांना कधीच ऐकू येत नाही. सुरुवातीला थोडा थोडा वेळच एकटे ठेवा. शेजाऱ्यांकडून कळण्याआधी तुम्हाला कळलेले बरे.

क-४०३ (भाडेकरू):
सर्वांचे मनापासून आभार. घरमालकांशी आत्ताच फोनवर बोलणे झाले. तिन्ही प्राण्यांची नावे, छायाचित्रे आणि वजने करारासोबत परिशिष्टात जोडायला ते तयार आहेत, ताणाच्या दांड्यांची जाळी त्यांना चालेल, आणि पाहणीपूर्वी २४ तास आधी कळवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. सोफा व गाद्या ते स्वतःहून नेणार आहेत. तो मुद्दा ऐकून त्यांचा सूरच बदलला. त्यांनी एका महिन्याच्या भाड्याइतकी जादा अनामत मागितली आहे, ती मी कबूल केली. तक्रारीच्या कलमात मात्र ३० ऐवजी १५ दिवसांवर ते अडून आहेत.

ब-५०१ (घरमालक):
१५ दिवस मान्य करा, पण तक्रार लेखी असण्याची अट सोडू नका. जादा अनामत कशासाठी आहे आणि कोणत्या नुकसानीपोटी कापता येईल, हेही लिहून घ्या. नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळा. पिसवांविषयीही एक ओळ असू द्या. त्यांचे कोश रिकाम्या घरात महिनोन्‌महिने तग धरतात आणि माणसांच्या वावराने फुटतात, त्यामुळे घर सोडताना फवारणी करून तिची पावती देण्याचे तुम्ही आधीच कबूल केले, तर त्या नावाखाली नंतर रक्कम अडकणार नाही. शेवटचे म्हणजे, परिशिष्टातील एखादा प्राणी दुर्दैवाने गेला, तर त्याच्या जागी दुसरा आणता येईल की नाही, हे आत्ताच ठरवा. कुत्री नऊ वर्षांची आहे, म्हणून विचारतो. मसुदा ग्रुपवर न टाकता मला वेगळा पाठवा, संध्याकाळपर्यंत वाचून कळवतो.