मेसोट्रॉनमधला 'ट्र' कुठे गेला?

सोलापूरकर:
वडिलांच्या ट्रंकेत चाळीसच्या दशकातलं भौतिकीचं एक पुस्तक सापडलं. त्यात 'मेसोट्रॉन' नावाचा कण आहे. मुलगी बीएस्सीला आहे. ती म्हणते, असा कणच नाही, मेसॉन असेल, छपाईची चूक. पण पानोपानी तेच छापलंय. चूक एवढी चिवट असते का?

निवृत्त मास्तर:
चूक नाही हो. १९३६ साली कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना वैश्विक किरणांत हा कण दिसला. इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशेपट जड, पण प्रोटॉनहून हलका. मधला, म्हणून ग्रीक 'मेसोस'वरून त्यांनी 'मेसोटॉन' असं नाव 'नेचर' या विज्ञानपत्रिकेला कळवलं. तेव्हा अँडरसनचे साहेब, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन, बाहेरगावी होते. परत येऊन पाहतात तर नावात 'र' नाही! म्हणाले, इलेक्ट्रॉन बघा, न्यूट्रॉन बघा. अँडरसन म्हणाले, मग प्रोटॉन बघा, त्यात कुठे 'ट्र' आहे? आता अँडरसनच्या खिशातही नोबेल होतं, पण साहेब ते साहेब. शेवटी तो 'र' तारेने पाठवावा लागला.

तो 'र', 'ट'सकट, काढला आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी. वय २९, मुक्काम केंब्रिज. फेब्रुवारी १९३९च्या 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं की इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनमधला 'ट्र' त्या शब्दांच्या मुळातलाच आहे, 'मेसो'त तो नाही. तेव्हा 'मेसॉन' म्हणा, तेच तर्काला धरून आणि आटोपशीरही. तुमच्या पुस्तकाने मात्र जुनंच नाव धरून ठेवलंय. तेव्हा बरेच जण ते वापरत.

सोलापूरकर:
म्हणजे हाच मुलीच्या पुस्तकातला मेसॉन?

कणकण:
नाही, तिथेच घोळ आहे. तो कण आज म्युऑन म्हणून ओळखला जातो, आणि तो लेप्टॉनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्याच, कुळातला. जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावांनी १९३५ साली भाकीत केलेला कण वेगळा, तो पायॉन; ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॉवेल यांच्या गटाला तो १९४७ साली सापडला. मेसॉन हे नाव त्याच्या कुळाकडे गेलं.

निवृत्त मास्तर:
बरोबर. नाव भाभांनी नीट केलं, पण ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडे ते राहिलं नाही. आणि हा शब्द आपल्याला परका नाही बरं का. 'मेसोस' आणि आपला 'मध्य' एकाच मूळचे. 'मध्य'चं प्राकृतात 'मज्झ' झालं, त्यातूनच माजघर. वर्गात मी मेसॉन माजघरानेच समजावायचो. हल्ली मुलं विचारायची, सर, माजघर म्हणजे काय?