तीर्थनला मे महिन्यात माशा मारायच्या असतील तर खुशाल जा

गळकरी_पलासिया:
परवा इथेच एका भियाने लिहिलं, "इंदूरचे ४३ डिग्री सोडा, मे-जूनमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर चला, ट्राउट माशासाठी उन्हाळ्याची सुरुवात बेस्ट, टाकली गळाची नकली माशी की आला मासा." खाली दोन ओळी टाकायला बसलो, त्या इतक्या लांबल्या की वेगळा धागाच काढला.

भिया, मेच्या शेवटी त्या पाण्यात उभा राहिलायस का कधी? मी राहिलोय, तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वर. पाच मिनिटांत पाय बधिर, आणि पाणी कसं तर तांदूळ धुतल्यासारखं. वरचं बर्फ वितळायला लागलं की नदी फुगते, गढूळ होते, आणि ब्राउन ट्राउट बघून खाणारा मासा, त्याला तुमची ती पिसांची नाजूक माशी दिसणार कशी? चार दिवसांत वीतभर एक मासा, तोही सोडून दिला. बायकोने विचारलं चार दिवस काय केलंत, म्हटलं माशा मारल्या. मार्च-एप्रिलला जा, नाहीतर पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदीच असते, अंडी घालायचे दिवस. मेमध्ये फक्त दिल्लीच्या गाड्या मिळतात.

भिया_तोच:
तो भिया मीच. पाण्यात किती वाजता उतरत होतात ते नाही लिहिलंत. पोहे-जलेबी आटपून अकराला ना? अहो, उन्हाने वितळलेलं पाणी खाली पोचेपर्यंत दुपार उलटते, संध्याकाळी नदी चढलेली असते, रात्री वर गारठा पडला की वितळणं मंदावतं आणि पहाटे पाणी उतरून निवळतं. साडेपाच ते नऊ, बस. आणि मधल्या धारेत टाकायचंच नाही, एवढ्या ओढीत मासा कशाला दम काढेल, तो काठाशी असतो, मोठ्या दगडाच्या आड, पाणी थबकतं तिथे. तरंगती माशी डबीतच ठेवा, जड मण्याची निंफ, म्हणजे पाण्यात बुडणारी माशी, तळाशी लोळवत न्या. मुख्य नदी फारच गढूळ असेल तर तिला मिळणाऱ्या फलाचन नाल्यात वर चढा. छोटे नाले आधी निवळतात.

गळकरी_पलासिया:
सहाला उतरत होतो साहेब. तिसऱ्या रात्री वर पाऊस झाला, मग पुढच्या सकाळीही तेच. मेमध्ये पहाडात पाऊस येतो हे पण लिहा की तुमच्या जाहिरातीत.

सराफ्याची_सून:
आम्ही जिभीला ट्राउट खाल्ला, छान होता. ह्यांनी वेटरला कौतुकाने विचारलं "तीर्थनचा ना?" तो म्हणे "टाकीचा." तरी ह्यांनी फोटोखाली तीर्थनचा ट्राउट असंच टाकलं, दोनशे लाइक.

भिया_तोच:
ताई, जिभी तीर्थनवर नाहीच, ती बंजारहून जलोडी खिंडीच्या रस्त्याला. आणि टाकीतला बहुतेक रेनबो ट्राउट असतो, नदीतला ब्राउन नाही. जाऊ द्या, लाइक खरे आहेत.

नर्मदे_हर:
तुम्ही दोघं ज्या माशासाठी भांडून राहिलात तो इथला नाहीच. इंग्रजाने आपल्या शौकासाठी १९०९ साली कुल्लूत आणून सोडला. त्याच्यासाठी हिमाचल गाठायचं, आणि आपल्या मध्यप्रदेशचा राज्यमासा कोणता विचारलं तर तोंड बघत बसाल. महाशीर, २०११ पासून. आमचे जुने लोक बाडस म्हणायचे. लहानपणी आजी महेश्वरच्या घाटावर कणकेच्या गोळ्या टाकायची, आणि पाण्यात काळ्या पाठी अशा वर यायच्या की मी भीतीने तिचा पदर धरायचो. आता नातवाला नेलं, अख्खी परात संपली, चार बोटांएवढे मासे आले. महाशीरला वाहतं पाणी लागतं, खडीचा तळ लागतो, पावसात तो वर चढतो. वर इंदिरासागर, ओंकारेश्वर ही धरणं, चढणार कुठे?

भिया_तोच:
काका, ट्राउटने तुमचा महाशीर खाल्ला का? विषय बर्फाच्या पाण्याचा चाललाय.

नर्मदे_हर:
आणि तीर्थनचा स्वतःचा असेला मासा? तो ट्राउटच्या आधीपासूनचा. ब्राउन ट्राउट लहान मासे गिळतो, हे तुमच्या सीझनच्या गप्पांत कुठेच नाही.

खजराना_इंजिनियर:
काका, रागावू नका, पण इंदूरच्या नळाला येणारं पाणी नर्मदेचंच, नदीकाठच्या जलूदहून पंप करून चढवतात. कूलर लावून बसायचं आणि धरणाला शिव्या द्यायच्या, हे बरं आहे.

नर्मदे_हर:
कूलरवर जाऊ नका. पाणी धरणाच्या आधीपासून येतंय इंदूरला, १९७८ पासून. तुम्ही तेव्हा जन्मला होतात का? मी रांगेत बादली घेऊन उभा होतो.

खजराना_इंजिनियर:
बरं, सन तुमचा. बादली पण तुमची.

गळकरी_पलासिया:
माझा धागा होता हा. पण काकांची एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने. तीर्थनवर छोटे वीजप्रकल्प येणार होते, तिथले लोक कोर्टापर्यंत गेले आणि ते रद्द करून घेतले, म्हणून मी आणि हा भिया तिथे माशा मारायला तरी जाऊ शकतो. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या म्हाताऱ्याने हे तीनदा सांगितलं, मी प्रत्येक वेळी "पाणी कधी निवळेल" एवढंच विचारत होतो.

भिया_तोच:
चला, कबुली आली. मीही देतो. मार्च-एप्रिल मेपेक्षा बरा, "बेस्ट" जरा जास्तच झालं. पण माझ्या पोरांच्या शाळेला सुट्टी मेमध्ये लागते, ती ट्राउटला विचारून ठरत नाही.

गळकरी_पलासिया:
मग जा. माझा पाच नंबरचा रॉड न्या, निंफ तुमच्या. गढूळ निघालं तर इथेच येऊन लिहायचं, फोटो टाकीतला चालणार नाही.

सराफ्याची_सून:
मला टोमणा मारलात ना?

नर्मदे_हर:
१६ जूनपासून इकडे मासेमारी बंद होते. त्याआधी कुणीतरी महेश्वरला चला. पकडायला नाही, बघायला. कणीक मी आणतो.