शब्दचर्चा : ‘रिबूट’ला मराठीत काय म्हणावे, आणि ‘पुढचा भाग’ कशाला म्हणू नये

देवगडकर :

२०२५ साली आलेल्या ‘सुपरमॅन’वरून आमच्या मित्रमंडळींत अजूनही वाद चालू आहे. एकाचे ठाम मत आहे की हा ‘पार्ट’ साफ फसला, कारण २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये मेट्रोपोलिस शहराची जी वाताहत झाली तिचा इथे मागमूसही नाही आणि हेन्री कॅव्हिलच्या जागी डेव्हिड कोरेन्स्वेट हा दुसराच नट उभा आहे. दुसऱ्याच्या मते हा पार्ट नव्हेच, हा रिबूट आहे, त्यामुळे मागचे काही विचारायचे नाही. तिसरा त्याला ‘रिमेक’ म्हणतो. सीक्वेल, रिबूट आणि रिमेक यांच्यात नेमका भेद कोणता, आणि त्यांना मराठीत कोणते शब्द वापरावेत? पुनरारंभ, पुनर्निर्मिती आणि नवावतार हे तीन शब्द माझ्या वाचनात आले आहेत, पण ते एकमेकांच्या जागी कसेही वापरलेले दिसतात.

कुडाळकर :

या भांडणाचे मूळ ‘पार्ट’ या शब्दात आहे. आपल्याकडे या शब्दाला दुहेरी चाल आहे. कोकणातल्या दशावतारी नाटकात पार्ट म्हणजे भूमिका. म्हणून राजाची भूमिका करणारा तो राजपार्टी आणि स्त्रीची भूमिका करणारा तो स्त्रीपार्टी. चित्रपटाच्या संदर्भात मात्र पार्ट म्हणजे भाग. त्यामुळे नट बदलला की भागही बदलला आणि नट तोच असला की गोष्टही तीच, असे आपण नकळत धरून चालतो. पण या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, आणि धयकाल्याला, म्हणजे दशावताराच्या प्रयोगाला, बसणारा प्रेक्षक त्यांची गल्लत कधीही करत नाही. गेल्या जत्रेला राजा झालेला माणूस यंदा मंडळात नसेल, तर तो सहज सांगतो, “राजपार्टी बदललो, आख्यान ताच.” आणि नट ओळखीचा पण कथा निराळी असेल, तर “राजपार्टी तोच, आख्यान दुसरां.” सुपरहिरोंच्या चित्रपटांची प्रतवारी लावायला याहून नेमकी कसोटी मला सापडलेली नाही.

या कसोटीवर बॅटमॅनचे चित्रपट घासून पाहावेत. १९८९ आणि १९९२ च्या चित्रपटांत मायकेल कीटन बॅटमॅन होता, १९९५ मध्ये व्हॅल किल्मर आला आणि १९९७ मध्ये जॉर्ज क्लूनी. नऊ वर्षांत तीन नट झाले, दिग्दर्शकही टिम बर्टनच्या जागी जोएल शूमाकर आला, तरी यांतला एकही रिबूट नव्हे. चारही चित्रपटांत घरचा जुना सेवक आल्फ्रेड मायकेल गॉफनेच साकारला आहे आणि पोलीस आयुक्त गॉर्डन पॅट हिंगलनेच. कथेचा धागा कसाबसा का होईना, चालू आहे. राजपार्टी बदललो, आख्यान ताच.

उलट उदाहरण स्पायडर-मॅनचे आहे. सॅम रेमीच्या २००२ पासूनच्या तीन चित्रपटांत वृत्तपत्राचा तो तापट संपादक जे. के. सिमन्सने केला होता. २०१९ च्या ‘फार फ्रॉम होम’च्या अखेरीस तोच नट त्याच भूमिकेत पुन्हा दिसतो, पण हा संपादक निराळ्या जगातला आहे, या स्पायडर-मॅनशी त्याची आधीची काहीही ओळख नाही. चेहरा तोच, आख्यान दुसरे.

म्हणजे रिबूट ठरतो तो कथासूत्रावरून. आधी पडद्यावर घडलेले रद्द समजून तेच पात्र नव्या घडणीत आणले, तर तो रिबूट. आधी घडलेले खरे मानून गोष्ट पुढे नेली, तर तो सीक्वेल. आधी घडलेले खरे मानून त्याच्याही मागे गेले, तर ती पूर्वकथा, म्हणजे प्रीक्वेल. आणि एका विशिष्ट चित्रपटाची कथा घेऊन तीच पुन्हा चित्रित केली, तर तो रिमेक. ‘पुनर्निर्मिती’ हा शब्द या शेवटच्या प्रकारासाठी रूढ आहे, तो तिथेच राहू द्यावा. २०२५ चा ‘सुपरमॅन’ कोणत्याही जुन्या चित्रपटाची कथा पुन्हा सांगत नाही, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या मित्राचा शब्द इथे लागू होत नाही.

कथासूत्र तुटले आहे हे ओळखायचे कसे, याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. क्रिस्टोफर नोलनचा ‘बॅटमॅन बिगिन्स’ २००५ साली आला. नावात ‘बिगिन्स’ आहे, कथेत नायकाचे बालपण आणि प्रशिक्षण आहे, आणि शेवटी गच्चीवर गॉर्डन त्याला पत्त्यांतले जोकरचे पान दाखवतो. एवढेच पाहणाऱ्याला ही १९८९ च्या चित्रपटाची पूर्वकथा वाटू शकते, कारण तिथेही खलनायक जोकरच आहे. पण १९८९ च्या चित्रपटात बॅटमॅनच्या आईवडिलांचा खून तरुणपणीच्या जोकरने केलेला आहे, तर २००५ मध्ये तो जो चिल नावाच्या एका भुरट्या चोराने केला आहे. एकाच मुलाच्या आईवडिलांचे दोन मारेकरी एका गोष्टीत बसत नाहीत. नायकाच्या आयुष्यातली मूळ घटनाच बदलली, तिथे पूर्वकथेचा प्रश्न मिटतो आणि रिबूट सिद्ध होतो.

आता शब्दाविषयी. ‘पुनरारंभ’ हा शब्द आधी मलाही बरा वाटत असे, कारण रिबूट हा शब्द संगणकावरून आला आहे आणि संगणक पुन्हा सुरू करतात. पण त्यात ‘आरंभ’ आहे, आणि अलीकडचे अनेक रिबूट आरंभ दाखवतच नाहीत. २०१६ च्या ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’मध्ये टॉम हॉलंडचा स्पायडर-मॅन येतो तो शक्ती मिळालेलाच येतो. २०२२ च्या ‘द बॅटमॅन’मध्ये आईवडिलांच्या खुनाचा प्रसंग पडद्यावर घडत नाही. २०२५ चा ‘सुपरमॅन’ तर सुरुवातीच्या मोजक्या ओळींत तीस वर्षे, तीन वर्षे, तीन आठवडे असे उतरत येऊन नायकाच्या पहिल्या पराभवापाशीच उघडतो. प्रेक्षकाला जन्मकथा पाठ आहे, हे त्या चित्रपटांनी गृहीत धरले आहे. दशावतारातही लिखित संहिता नसते, आख्यान प्रयोगाच्या आधी ठरते आणि संवाद नट तिथल्या तिथे बोलतात. कथा सगळ्यांना ठाऊक असते आणि कस लागतो तो मांडणीचा. म्हणून मी ‘नवी मांडणी’ हा शब्द सुचवतो. ‘सुपरमॅनची नवी मांडणी’ असे म्हटले की पात्र जुने, रचना नवी आणि मागचे हिशेब बाद, हे तिन्ही अर्थ एकदम कळतात.

रत्नागिरीकर :

कुडाळकरांची कसोटी मान्य आहे, पण ‘पुनश्च हरि ओम’ हा आपल्या हाडीमासी खिळलेला शब्दप्रयोग असताना नवा शब्द घडवण्याची गरज काय? तुरुंगवासानंतर लोकमान्यांनी ‘केसरी’त लेखणी पुन्हा हाती घेतली, ती याच मथळ्याने. ज्या गावात त्यांचा १८५६ साली जन्म झाला, त्या गावचा म्हणून मला या शब्दाचा थोडा अधिक ओढा असेल, पण तो सर्व महाराष्ट्राला समजतो.

दुसरे असे, की सीक्वेलला अनेक जण ‘उत्तरार्ध’ म्हणतात, ते मला खटकते. अर्ध दोनच असतात. एकच कथा दोन चित्रपटांत विभागलेली असेल, तरच दुसऱ्याला उत्तरार्ध म्हणावे; २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये निम्मी सृष्टी नाहीशी होते आणि २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये तिची भरपाई होते, तिथे हा शब्द चपखल आहे. पण तिसऱ्या-चौथ्या चित्रपटाला उत्तरार्ध कसे म्हणणार? त्याला ‘पुढचा भाग’ म्हणावे, आणि लेखात भारदस्त शब्द हवा असेल तर ‘उत्तरकथा’. रामायणातल्या उत्तरकांडामुळे ‘उत्तर’ म्हणजे ‘नंतरचे’ हा अर्थ आपल्या कानाला सवयीचा आहे, आणि ते कांड मागाहून जोडले गेले असे अनेक अभ्यासक मानतात, हा योगायोगही सीक्वेलच्या जातीला साजेसाच आहे.

कुडाळकर :

उत्तरार्धाविषयी आपले म्हणणे शंभर टक्के पटते. ‘पुनश्च हरि ओम’ मात्र मी निराळ्या प्रकारासाठी राखून ठेवेन. लोकमान्य पुन्हा लिहू लागले ते तेच लोकमान्य होते आणि ‘केसरी’ही तोच होता. मध्ये खंड पडला, पण आधीचे लिखाण रद्द झाले नव्हते. रिबूटमध्ये नेमके आधीचे रद्द होते.

या शब्दप्रयोगाला शोभेल असा चित्रपट आहे तो २००६ चा ‘सुपरमॅन रिटर्न्स’. क्रिस्टोफर रीव्हच्या जागी ब्रँडन राउथ आला, तरी ब्रायन सिंगरने १९७८ आणि १९८० च्या चित्रपटांचा धागा उचलला, १९८३ आणि १९८७ चे दोन भाग बाजूला ठेवले, जॉन विल्यम्स यांची जुनी सुरावट कायम ठेवली आणि १९७८ साठी चित्रित झालेली मार्लन ब्रँडोची दृश्येसुद्धा वापरली. हा रिबूट नाही, कारण पहिल्या दोन चित्रपटांतले खरे मानले आहे. आणि सरळ पुढचा भागही नाही, कारण तिसरा आणि चौथा गाळला आहे. मोठ्या खंडानंतर जुनेच सूत्र पुन्हा हाती घेणे, यालाच ‘पुनश्च हरि ओम’ म्हणावे.

देवगडकर :

भेद आता स्पष्ट झाला. पण माझ्या पहिल्या मित्राची तक्रार गुणवत्तेविषयी होती. नवी मांडणी म्हटल्याने चित्रपट चांगला ठरत नाही, आणि आमच्याकडे कुठल्याही रिबूटला किंवा सीक्वेलला सरसकट ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हटले जाते. हा वाक्प्रचार दोन्हींना लागू होतो का?

कुडाळकर :

लागू होत नाही, आणि या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण इथेच चाहत्यांच्या हातून चांगल्या चित्रपटांवर अन्याय होतो.

शिळ्या कढीला ऊत आणणे म्हणजे संपलेला, निवलेला विषय पुन्हा उकरून काढणे. तो आरोप नव्या मांडणीवर होऊ शकतो. २००७ मध्ये रेमीचा तिसरा ‘स्पायडर-मॅन’ आला आणि २०१२ मध्ये अँड्र्यू गारफिल्डचा ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’. अवघ्या पाच वर्षांच्या अंतराने तोच कोळ्याचा चावा, तोच काका बेनचा खून आणि तोच पश्चात्ताप प्रेक्षकाला पुन्हा पाहावा लागला. गारफिल्डचे काम आणि एमा स्टोनबरोबरचे त्याचे प्रसंग मला आजही मनापासून आवडतात, तरी त्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या प्रसंगांना हा वाक्प्रचार लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. नव्या मांडणीला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की मांडणी नव्याने करण्याचे कारण काय? नोलनकडे कारण होते. १९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ने पात्राची जी थट्टा करून ठेवली होती, त्यानंतर तोच धागा पुढे ओढणे व्यर्थ होते, आणि भीती या एका भावनेभोवती त्याने सगळी कथा नव्याने बांधली. २०१५ च्या ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये असे कारण मला सापडले नाही, चौघांना शक्ती मिळेपर्यंतच चित्रपटाचा बराच वेळ खर्च होतो.

पुढच्या भागाला हा प्रश्न विचारणे गैरलागू आहे. त्याला विचारायचे ते असे, की मागे जे घडले त्याचे ओझे नायकाच्या खांद्यावर आहे का? २००४ चा ‘स्पायडर-मॅन २’ मी या जातीतला सर्वोत्तम मानतो, कारण पहिल्या भागात पत्करलेल्या जबाबदारीखाली तो मुलगा इथे खरोखर पिचतो. नोकरी जाते, अभ्यास मागे पडतो, घरभाडे थकते आणि शेवटी तो पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकून निघून जातो. मागचा भाग पाहिलेल्यालाच त्या दृश्याचे मोल कळते. जो पुढचा भाग मागच्याचे काहीच अंगावर घेत नाही, केवळ खलनायकांची संख्या वाढवतो, त्याला ‘लांबण लावली’ किंवा ‘पाणी घालून वाढवला’ असे म्हणावे. शिळ्या कढीचा दोष निराळा आणि लांबण लावण्याचा दोष निराळा.

आता तुमच्या मित्राकडे वळतो. ‘मॅन ऑफ स्टील’मधल्या विध्वंसाचा मागमूस नाही, ही तक्रार पुढच्या भागाला लागू पडणारी आहे, ती २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’विषयी करता आली असती, पण तिथे तर त्याच विध्वंसावरून कथा उभी राहते. २०२५ च्या चित्रपटावर टीका करायची असेल, तर नव्या मांडणीच्या मापाने करावी; पात्रांची गर्दी झाली आहे का, हळवा आणि पडणारा सुपरमॅन पटतो का, हे विचारावे. मला तो पटला. त्याला पटला नाही, तर त्याच्याशी वाद घालायला मी आनंदाने तयार आहे.

रत्नागिरीकर :

वापराविषयी एक किरकोळ पण उपयुक्त मुद्दा जोडतो. सीक्वेल, रिमेक आणि रिबूट हे तिन्ही शब्द मराठीत पुल्लिंगी चालतात, कारण मनात ‘चित्रपट’ हा शब्द असतो. ‘नवी मांडणी’ स्त्रीलिंगी आहे, तेव्हा ‘नवी मांडणी फसला’ असे वाक्य होणार नाही, ‘फसली’ असेच लिहावे लागेल. आणि या सगळ्या चित्रपटांना मिळून ‘मालिका’ म्हणण्याचे टाळावे, कारण ऐकणाऱ्याला रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर लागणारी मालिका आठवते. ‘चित्रपटमाला’ हा शब्द त्यासाठी पुरेसा आहे.