मदत हवी आहे : भीतीच्या प्रवेशात विनोदी पात्राचं काय करावं?

मंडईच्या जत्रेसाठी पोट्ट्यांचं पाऊण तासाचं विज्ञाननाटक बसवतोय, नमुना ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेचा; तिचा नायक म्हणजे ‘डॉक्टर’. २००५च्या भागांत माणसाची कातडी पांघरलेले स्लिदीन नावाचे परग्रहवासी पादत राहतात. निव्वळ चावटपणा वाटतो, पण त्या वासावरूनच त्यांचा ग्रह ओळखला जातो अन् एक जण व्हिनेगरनं मरतो. त्याच वर्षी गॅसमास्कवालं पोरगं ‘तू माझी आई आहेस का?’ विचारत फिरतं. तिथं डॉक्टर जॅक नावाच्या सोबत्याची बंदूक गुपचूप काढून तिच्या जागी केळं ठेवतो. गंमत त्याच्याकडं, पोराकडं नाही.

आमचं घोडं इथंच अडलं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांत, विनोदी पात्र विंगेत गेलं की मागची रांग चहाला उठते. ठेवलं तर भीती मरते. त्याला घाबरलेलाच दाखवावा का? आणि पादण्याचा आवाज पिपाणीनं काढावा, की साऊंडवाल्याकडून?