अमेरिकेतली गुलामगिरी नक्की कधी संपली: १८६३ की १८६५?

पिंपळपान: लिंकनच्या १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने गुलामगिरी संपली असं बहुतेक गाइडांत छापलेलं असतं. मग १८६५ ला गुलामगिरी बंद करणारी १३वी घटनादुरुस्ती कशाला लागली? आणि खरं वळण कोणतं धरायचं?

जुनं दप्तर: जाहीरनामा हा संसदेने केलेला कायदा नव्हता. सैन्याचा सरसेनापती या नात्याने राष्ट्राध्यक्षाने यादवी युद्धाच्या काळात काढलेला तो हुकूम, त्यामुळे तो फक्त बंडखोर भागालाच, म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनाच लागू. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही गुलाम बाळगणारी पण संघराज्यात राहिलेली राज्यं, त्यांना हात लावलेला नाही. फुटलेल्या टेनेसीचंही नाव जाहीरनाम्यातल्या बंडखोर राज्यांच्या यादीत नाही. न्यू ऑर्लिन्ससकट लुइझियानाचे १३ जिल्हे आणि पुढे वेस्ट व्हर्जिनिया झालेल्या ४८ काउंट्या नावानिशी वगळल्या आहेत. मूळ मजकूर छोटा आहे, यादी एकदा वाचाच.

खारा वारा: हे सगळं बरोबर, पण यावरून 'नुसता कागदी हुकूम' असा जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा. साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची बेटं संघराज्याच्या ताब्यात होती आणि वगळलेली नव्हती. तिथले हजारो लोक त्याच दिवशी मुक्त झाले. पुढे फौज जसजशी दक्षिणेत सरकली तसतशी मुक्तीची हद्दही सरकली. शिवाय त्याच हुकुमात कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची तरतूद होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले. माझ्या मते युद्धाचं वळण १८६३च.

जुनं दप्तर: युद्धाचं वळण म्हणाल तर मान्य. कायद्याचं मात्र नाही. युद्धकाळातला हुकूम शांतता झाल्यावर न्यायालयात टिकेल का, ही धास्ती खुद्द लिंकनलाही होती. म्हणून दुरुस्ती. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. सिनेटमध्ये ८ एप्रिल १८६४ ला ३८ विरुद्ध ६ ने सहज झालं, पण खालच्या सभागृहात जूनमध्ये आपटलं. ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६. मतदान १७५ चं, म्हणजे ११७ लागत होती. दोनच मतं जास्तीची!

नंतर ३६ पैकी २७ राज्यांची मंजुरी. फुटलेली राज्यंही त्या ३६ मध्ये धरली, कारण फुटणंच मुळात बेकायदा, अशी सरकारची भूमिका. २७ मधली ८ त्यांचीच. ६ डिसेंबर १८६५ ला जॉर्जियाने आकडा पुरा केला, १८ डिसेंबरला अधिकृत घोषणा झाली.

पिंपळपान: मग १९ जून १८६५ ला 'शेवटचे गुलाम' सुटले म्हणतात ते?

खारा वारा: तेही अर्धवट. त्या दिवशी टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला जनरल ग्रेंजरने मुक्तीचा हुकूम जारी केला, तो जाहीरनाम्याच्या आधारे. मेरीलँड आणि मिसूरीने त्याआधीच स्वतःहून गुलामगिरी बंद केली होती. केंटकी आणि डेलावेअरने दुरुस्ती फेटाळली, त्यामुळे तिथे ती डिसेंबरपर्यंत कायदेशीर होती. परीक्षेत 'शेवटची राज्यं' विचारलं तर ही दोन.

जुनं दप्तर: आणि दुरुस्तीतलं एक पोटवाक्य सोडू नका: गुन्हा शाबीत झाल्यावर शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. त्याच फटीतून दक्षिणेत कैदी खाणींना आणि मळ्यांना भाड्याने देण्याची पद्धत निघाली. अलाबामात ती १९२८ पर्यंत चालू होती.